वेगवान मोटारीचे ब्रेक : काय बदलावे, कोणत्या क्रमाने

मोटारीच्या ब्रेकचे काम एवढेच असते : गाडीच्या गतीची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या १,५०० किलो वजनाच्या गाडीत सुमारे ५८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी २०० ला ती चौपट होते, २,३०० किलोज्यूलपर्यंत जाते. इंजिन रीमॅप करून किंवा मोठा टर्बो बसवून ताकद वाढवली की ब्रेक लावायच्या जागी गाडी पूर्वीपेक्षा जास्त वेगात पोहोचते आणि कारखान्याने ब्रेकसाठी मांडलेला उष्णतेचा हिशेब मोडतो. ब्रेक वाढवण्याचा प्रश्न खरे तर इथून सुरू व्हायला हवा. बाजारात तो बहुधा लाल कॅलिपरपासून सुरू होतो.

एकदाच जोरात ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायर ठरवतात. टायर आणि कोरडे डांबर यांच्यातला घर्षणांक १ धरला तर १०० वरून शून्यावर यायला ३९ मीटर लागतात, तो ०.८ असेल तर ४९. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमाला याच वेगावरून ७० मीटरच्या आत थांबणे पुरते, आणि चांगल्या टायरांवरची आजची बरीशी गाडी ४०-४५ मीटरमध्ये सहज थांबते. ब्रेक दाबल्यावर एबीएसची धडधड पायाला लागत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे, हे तिथेच सिद्ध होते. अशा गाडीला सहा पिस्टनचे कॅलिपर बसवून हे अंतर कमी होत नाही. झिजलेल्या किंवा पाच-सहा वर्षे उन्हात कडक झालेल्या टायरांच्या जागी नवे, चांगल्या प्रतीचे टायर घातले तर मात्र काही मीटर नक्की वाचतात. त्यामुळे ब्रेकवरच्या खर्चाचा पहिला हप्ता टायरवाल्याकडे जायला हवा, ही सूचना ऐकायला विचित्र वाटली तरी हिशेबाला धरून आहे.

मग ब्रेक मोठे करून मिळते काय? दहाव्या वेळीही पहिल्यासारखाच ब्रेक लागणे. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जग्वार सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते आणि टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांच्या गाडीने ती २४ तासांची शर्यत ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. ड्रम ब्रेकच्या प्रतिस्पर्ध्यांना तापलेले ड्रम जपत लांबूनच वेग कमी करावा लागे. जग्वारचे चालक फेरीमागून फेरी उशिरा ब्रेक लावू शकत होते. एका ब्रेकमध्ये दोन्ही प्रकारांत फारसा फरक पडला नसता. शेकडो ब्रेकनंतर तो शर्यतीचा निकाल ठरला.

उष्णतेचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. जोराच्या ब्रेकमध्ये सुमारे तीन चतुर्थांश काम पुढची चाके करतात. पुढच्या दोन बिडाच्या डिस्क प्रत्येकी ८ किलोच्या धरल्या, तर १०० वरून एकदा थांबताना त्यांचे तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसने वाढते. रस्त्यावर हे काहीच नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क निवते. आता हीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर न्यावी. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या वळणामधली सरळ वाट एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या शेवटी २०० वरून ८० वर येताना डिस्क एका दमात २०० अंशांच्या आसपास तापते आणि पुढच्या वळणांना पुन्हा ब्रेक लागतातच. पाच-सहा फेऱ्यांत डिस्क ५०० अंशांपुढे जाणे नेहमीचे आहे.

घाटाचा हिशेब वेगळा असतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. १,५०० किलोच्या गाडीच्या बाबतीत ही ८,००० किलोज्यूल ऊर्जा झाली, म्हणजे १०० वरून चौदा वेळा थांबण्याइतकी. त्यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिन आणि वारा घेतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर उतरवली तर जवळजवळ सगळी ऊर्जा डिस्कवर येते. ट्रॅकवर उष्णता झटक्यात येते, पण दोन झटक्यांच्या मध्ये वारा भरपूर मिळतो. घाटात ती सावकाश मुरते आणि वारा कमी असतो, त्यामुळे कॅलिपर आणि त्यातले ऑइल जास्त तापते. दोन्हींचे उपायही म्हणूनच सारखे नसतात.

ब्रेक कमी पडतात तेव्हा ते दोन तऱ्हांनी कमी पडतात आणि पायाला दोन्ही वेगळ्या लागतात. पेडल दगडासारखे कडक राहते, पण कितीही दाबले तरी गाडी थांबेना, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपुढे गेलेला असतो. याला पॅडचा फेड म्हणतात. पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले, पंप करावे लागले, तर ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. हे उकळणे कित्येकदा गाडी थांबल्यावर होते. घाट उतरून चहाला थांबले की डिस्कवरचा वारा बंद होतो, तिची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये उतरते आणि दहा मिनिटांनी निघताना पेडल स्पंजासारखे लागते. दोन्हींपैकी नेमके काय झाले, हे न पाहता केलेली खरेदी बहुतेक वेळा चुकीच्या भागाची होते.

ब्रेक ऑइल हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, डॉट ४ चे २३० ला आणि डॉट ५.१ चे २६० ला. ग्लायकॉलवर आधारलेली ही तिन्ही ऑइले हवेतला ओलावा शोषतात. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षे वापरलेले डॉट ४ ऑइल ताज्या डॉट ३ पेक्षाही वाईट असू शकते. गॅरेजच्या फळीवर झाकण सैल लावून महिनोन्महिने ठेवलेल्या डब्यातून टॉप-अप करण्याची पद्धत त्यात भरच घालते. शर्यतीसाठीची ऑइले ३०० अंशांच्या वर उकळतात. मोटुलच्या आरबीएफ ६०० चा ताज्या अवस्थेतला आकडा ३१२ आहे. मात्र ती वरचेवर बदलावी लागतात, ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीत दर हंगामाला तरी. डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे ऑइल आहे. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालू नये. आकड्यावरून ५.१ हे त्याचे भावंड वाटते, पण ते ग्लायकॉलच्याच घरातले. जुने ऑइल पूर्ण काढून, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा नीट काढून नवे भरणे एवढ्यावरच घाटातल्या मऊ पेडलाच्या बहुतेक तक्रारी मिटतात.

ऑइलनंतर पॅड. इथे एका गोष्टीसाठी दुसरी सोडावी लागते आणि जाहिरातीत ती दुसरी गोष्ट छापलेली नसते. कारखान्यातून येणारे सेंद्रिय किंवा सिरॅमिक मिश्रणाचे पॅड थंड असतानाही चटकन पकडतात, आवाज करत नाहीत, डिस्क कमी खातात. पण ३५० अंशांच्या आसपास त्यांची पकड ढासळू लागते. रस्त्यावरच्या वेगवान वापरासाठीचे अर्ध-धातवी पॅड ५००-५५० पर्यंत टिकतात आणि थोडी काळी धूळ व सकाळचा किंचित आवाज एवढीच त्यांची किंमत असते. शर्यतीचे पॅड ७००-८०० अंश सोसतात, पण त्यांना काम करायला उष्णता लागते. जुलैच्या पावसात, थंड ओल्या डिस्कवर, सोसायटीच्या गेटबाहेरचा पहिला ब्रेक त्यांच्यावर लावणे धोक्याचे आहे. जो पॅड ट्रॅकवर सर्वांत चांगला, तो ऑफिसला जाताना सर्वांत वाईट ठरू शकतो. ट्रॅकच्या दिवसापुरते पॅड बदलणे आणि संध्याकाळी परत जुने घालणे हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. सरकत्या, म्हणजे फ्लोटिंग कॅलिपरवर ते तासाभराचे काम असते.

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर अनेकदा दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात : ईएफ, एफएफ, जीजी. अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या चाचणीतला हा घर्षणाचा दर्जा. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर पॅड तापल्यावर कमी पडणार, एवढे कळते. याहून जास्त त्या अक्षरांतून वाचू नये. ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आसपास थांबते, त्यामुळे ट्रॅकवरच्या वर्तनाबद्दल ती गप्प आहे.

नवा पॅड बसवला की तो डिस्कवर बसावा लागतो. ताशी ८०-१०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा क्रमाने जोर वाढवत ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचे नाही आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता डिस्क निवू द्यायची. यात पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड बऱ्याच अंशी या थरावर अवलंबून असते. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरते. मेकॅनिक याला डिस्क वाकली म्हणतो. शर्यतींचे अभियंते आणि लेखक कॅरोल स्मिथ यांनी दाखवून दिले होते, की वाकलेली म्हणून टाकून दिलेली बहुतेक डिस्क मुळात वाकलेली नसतेच. तिच्यावर द्रव्य असमान चढलेले असते. ते लवकर लक्षात आले तर खरखरीत पॅडने पुन्हा घासून निघते. तसेच तापत राहिले तर ठशाखालच्या बिडात सिमेंटाइटचे कठीण ठिपके तयार होतात आणि लेथवर डिस्क मारूनही थरथर परत येते.

डिस्क बदलताना सर्वांत आधी तिचे वस्तुमान पाहावे, भोके नंतर. उष्णता साठवते ती धातू. भोके पाडली की धातू कमी होतो. आरपार भोकांमुळे ओल्या डिस्कवरचे पाणी आणि पॅडमधून निघणारा वायू लवकर बाजूला होतो आणि पहिली पकड चटकन येते. पण वारंवार तापण्या-निवण्यात तडे जातात ते भोकांच्या काठापासूनच. खाचांच्या डिस्कमध्ये हा धोका पुष्कळ कमी असतो. ती पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते, त्या बदल्यात गुरगुरते आणि पॅड थोडे लवकर संपवते. ट्रॅकसाठी खाचा आणि रोजच्या रस्त्यासाठी चांगल्या प्रतीची साधी सपाट डिस्क, ही निवड बहुतेक गाड्यांना पुरते. आत हवा खेळवणाऱ्या वक्र पात्यांच्या डिस्क डाव्या आणि उजव्या वेगळ्या असतात. चाक फिरताना पाती मागे झुकलेली हवीत, म्हणजे ती मधली हवा बाहेर फेकतात. बसवताना लोक वरच्या खाचांची दिशा पाहतात आणि पाती उलटी लागतात, हे चांगल्या गॅरेजांतही घडते. दोन तुकड्यांची डिस्क, म्हणजे बिडाची कडी आणि ॲल्युमिनियमची बेल, प्रत्येक चाकामागे किलो-दोन किलो वजन वाचवते आणि तापल्यावर कडीला मोकळेपणाने फुगू देते. वापरलेली डिस्क घेताना मधल्या भागावर कोरलेली किमान जाडी वाचावी. २५ मिलिमीटरच्या डिस्कला ती बहुधा २२ ची असते, म्हणजे झिजायला वाव फक्त ३ मिलिमीटर.

कॅलिपरच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज पिस्टनांच्या संख्येचा आहे. ब्रेकचा जोर ठरतो तो ऑइलचा दाब, एका बाजूच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ, पॅडचा घर्षणांक आणि डिस्कची परिणामी (पॅड जिथे दाबतो तिथली) त्रिज्या यांच्या गुणाकाराने. ५४ मिलिमीटरचा एकच पिस्टन असलेल्या साध्या फ्लोटिंग कॅलिपरचे क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंटिमीटर भरते. ४० मिलिमीटरचे चार पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरचे एका बाजूचे २५.१. आणि ३८, ३२ व २८ मिलिमीटरच्या जोड्यांच्या सहा पिस्टनी कॅलिपरचे २५.५. चारावरून सहावर जाऊन जोरात दोन टक्क्यांचीही भर पडली नाही. जास्त पिस्टनांचा फायदा दुसरीकडे आहे : लांब पॅडवर दाब सारखा पडतो, पुढे लहान व मागे मोठा पिस्टन ठेवून पॅड तिरपा झिजणे टाळता येते आणि मोठा पॅड उष्णता जास्त वेळ सोसतो. फिक्स्ड कॅलिपर कमी ताणतो, त्यामुळे पेडल नेमके लागते. हे फायदे खरे आहेत, पण ते ट्रॅकवर जाणवतात. शर्यतीच्या अस्सल कॅलिपरना पिस्टनवर धुळीचे रबरी बूट नसतात, हेही लक्षात असावे. आपल्या पावसाळी चिखलात पिस्टन चिकटायला वेळ लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीला बूट असलेलेच कॅलिपर घ्यावेत. चिकटपट्टीने लावायच्या लाल प्लास्टिक आवरणांबद्दल एवढेच, की ती उष्णता अडवतात.

नुसत्या पुढच्या मोठ्या किटने जी गोष्ट बिघडते ती पुढे-मागे वाटणीची. ५४ च्या पिस्टनऐवजी चार ४० चे आणि २८८ मिलिमीटरच्या डिस्कऐवजी ३१२ ची घेतली, तर क्षेत्रफळ आणि पॅडखालची त्रिज्या दोन्ही सुमारे दहा-दहा टक्क्यांनी वाढून पुढचा जोर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. पूर्वीची ७५-२५ ची वाटणी ७८-२२ होते. हे चालण्यासारखे आहे. पण ४० टक्के जोर वाढवणारे किट घेतले तर ती ८१-१९ होते. स्थिर अवस्थेत ६०-४० वजन असलेल्या, २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीला कोरड्या रस्त्यावरच्या कडक ब्रेकमध्ये ही वाटणी साजेशी असते, कारण तेव्हा वजनच ८१-१९ असे पुढे झुकते. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी होते, वजन ७०-३० च्याच आसपास राहते. अशा वेळी पुढच्या चाकांचे एबीएस लवकर चालू होते, मागची चाके जेमतेम निम्मे काम करतात आणि थांबण्याचे अंतर कारखान्याच्या ब्रेकपेक्षा वाढते. ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटणारी ईबीडी यंत्रणा मागचा दाब कमी करू शकते. चालकाने पायाने दिला त्याहून जास्त दाब ती मागे पाठवत नाही. शोरूममध्ये रुबाबदार दिसणाऱ्या किटचा तोटा असा पावसाळ्यात उघड होतो. पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढले की मास्टर सिलिंडरमधून जास्त ऑइल लागते आणि पेडलचा प्रवासही वाढतो. म्हणून चांगले उत्पादक मोठ्या डिस्कसोबत मुद्दाम थोडे लहान पिस्टन देतात : उष्णतेची क्षमता वाढते, वाटणी जागेवर राहते. किट विकणाऱ्याला पिस्टनांचे व्यास आणि मूळ गाडीशी केलेली तुलना विचारावी. हा आकडा ज्याच्याकडे नाही, त्याचे किट घेऊ नये.

मागे ड्रम असलेल्या गाडीला डिस्क बसवण्याची हौस भारतात बरीच आहे, कारण फोल्क्सवॅगन व्हर्टस जीटीसारखी दीडशे पीएसची गाडीही मागे ड्रम घेऊन आली. पण मागच्या चाकांवर पाव हिस्साच काम असते आणि ड्रम ते निमूटपणे करतात. हँडब्रेकची केबल, हब, सेन्सर आणि वाटणी एवढे सगळे बदलून मिळणारा लाभ फारच थोडा. हा पैसा पुढे वापरावा.

पोलादी जाळीच्या होज पाइपांनी पेडल थोडे घट्ट होते. दहा वर्षांच्या फुगणाऱ्या रबरी पाइपांच्या जागी ते घातले तर फरक ठळक जाणवतो, नव्याच्या जागी घातले तर जेमतेम. हवेच्या नळ्या मात्र कमी किमतीत पुष्कळ देतात. पुढच्या बंपरातून हवा घेऊन ती डिस्कच्या मध्याशी, म्हणजे पात्यांच्या आतल्या तोंडाशी सोडली तर ट्रॅकवरचे तापमान लक्षणीय उतरते. डिस्कच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वारा मारण्याचा उपयोग कमी.

किट चाकात मावते का, हे वेगळे पाहावे लागते. ३१२ च्या डिस्कला साधारण १६ इंची, ३३० ला १७ आणि ३५५ ला १८ इंची चाक लागते, आणि तरीही आरे कॅलिपरला घासू शकतात. उत्पादक कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर कापून चाकात फिरवून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. या सगळ्या खटपटीला सोपा पर्याय म्हणजे त्याच उत्पादकाच्या वरच्या मॉडेलचे ब्रेक. भाग अस्सल मिळतात, पॅड कुठेही मिळतात आणि किंमत किटच्या तुलनेत बरीच कमी पडते. फोल्क्सवॅगन-स्कोडा कुटुंबात २८८ वरून ३१२ वर जाण्याचा हा रस्ता चांगलाच मळलेला आहे.

कार्बन-सिरॅमिक डिस्क या चर्चेत नेहमी येतात. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ वर त्या दिल्या. बिडाच्या डिस्कपेक्षा त्या जवळपास निम्म्या वजनाच्या असतात आणि गंजत नाहीत. पण त्यांची किंमत लाखांत जाते, खडीचा मार लागून कडा फुटू शकतात आणि ट्रॅकच्या सततच्या तापाने त्यातले कार्बनचे तंतू जळत जातात. म्हणून ज्यांच्या गाडीला त्या कारखान्यातूनच आल्या आहेत, असे कितीतरी मालक ट्रॅकवर जाताना बिडाच्या डिस्क घालतात. नंतर बसवण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

ब्रेक किती तापतात हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. डिस्कच्या कडेवर लावायचा तापमापक रंग मिळतो. त्याच्या एका प्रचलित संचात हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्या तो कमाल किती तापला हे काळ्या झालेल्या चौकटींवरून सांगतात. एका ट्रॅकच्या दिवसानंतर फक्त हिरवा बदललेला असेल तर मोठ्या डिस्कची गरज नाही. योग्य पॅड पुरतील. लालही बदलला असेल तर आधी हवेच्या नळ्या आणि मग जास्त वजनाच्या डिस्क. डिस्क मर्यादेत आणि कॅलिपर २०० अंशांच्या वर गेला असेल, तर पॅड फार पातळ झाला आहे का ते आधी तपासावे, कारण उष्णता अडवणारे पॅडचे द्रव्यच उरलेले नसते.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचले. पॅड, ऑइल आणि मूळ मापाच्या डिस्क ही रोजची दुरुस्ती आहे. मोठे किट मात्र विमा कंपनीला आधी लेखी कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. मूळ कॅलिपर, डिस्क आणि पाइप गुंडाळून ठेवलेले असले, तर गाडी विकताना अर्ध्या दिवसात परत बसतात आणि किट वेगळे विकता येते.